ड्रायव्हरले काय दोष द्याव?

मित्रहो, आत्ताच वर्धेच्या कोर्टातून घरी आलो. डोस्कं सुन्न झालं, म्हणून लिहून राह्यलो.

जाम गावच्या चौकात राँग साइडनं आलेल्या ट्रकनं माझ्या बाबांच्या मोटरसायकलले उडवलं. तेव्हापासून बाबा अंथरुणावरच आहेत. मागं बसलेली माय वाचली. नुकसानभरपाईच्या दाव्यात तीच आमची एकटी साक्षीदार.

आज विमा कंपनीच्या वकिलानं तिले गोड आवाजात विचारलं, "काकू, ड्रायव्हरची चूक होती का?"

घरी कोणी बाबाले पाहायले आलं की माय जे म्हणते, तेच ती तिथं बोलून गेली. "त्याले काय दोष द्याव, साहेब? आमचंच नशीब फुटकं."

झालं! जबाबात टाइप झालं, चालकाचा दोष नाही. आमच्या वकिलानं सावरून पाह्यलं, मग कपाळाले हात लावला.

अरे, नशीब राँग साइडनं येते का?

येताना एसटीत माय म्हणे, "बराबर बोलली ना मी? कोणाचं वाईट नाई बोलली."

मी हो म्हटलं.

आता बाबा अंथरुणावरून विचारून राह्यले, "काय म्हणे तुही माय कोर्टात?"

काय सांगू त्यायले?