परत ऐक

पशुवैद्यकीय कॉलेजच्या गोठ्यात मी शेण काढतो. आज एक विद्यार्थिनी गाईच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून पोटाची हालचाल ऐकत होती. सरांनी विचारलं, तिचं उत्तर चुकलं. सर रागावले नाहीत. "परत ऐक," एवढंच म्हणाले. ती हसली आणि पुन्हा वाकली.

या विद्यार्थ्यांच्या पांढऱ्या कोटांचा हेवा मला कधी वाटला नव्हता. या दोन शब्दांचा मात्र वाटला. नववीत गणितात नापास झालो, तेव्हा आप्पांनी दप्तर खुंटीला टांगलं ते कायमचंच. गावापासून इतक्या लांब या गोठ्याने मला पोटाला दिलं, त्याचे उपकार आहेतच. तरी बादली ठेवतानासुद्धा धाकधूक असते, की चुकलो तर हेही जाईल. आणि या पोरांना रोज चुकायला मिळतं.

"दादा, ऐकायचंय?" तिने नळ्या माझ्याकडे केल्या. कानात लांबून बैलगाडी येऊन निघून जावी तशी घरघर झाली.

"काय ऐकू आलं?" सरांनी विचारलं.

मी नळ्या कानात घट्ट बसवल्या. मग म्हणालो, "थांबा सर, परत ऐकतो."