आपला खड्डा, गावाची विहीर

दिनकरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्लामपूरला शाळेच्या संगणक खोलीत होते आणि समोर आमचंच अर्धवट काम उघडं होतं. मामा फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या तुकडीत होते. निवृत्तीनंतर वाईत स्थिरावले आणि माझ्याशी हुज्जत घालत प्रोग्रॅमिंग शिकले. अंधांना मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही दोघांनी केलं. ते फुकट द्यायचो, पण फुकटचं म्हणून कसंही चालेल, हे मामांना कधी मान्य नव्हतं.

आमचं वाजलं ते आटपाडीच्या एका अंध गुरुजींच्या फोनवरून. "आवं ताई, जुनं काढून नवं टाकलं, तरी ह्यो गडी जुन्याच चुका करतोय!" कारण कळल्यावर मी कपाळाला हात लावला. आमचं सॉफ्टवेअर बसवताना उच्चारांच्या काही फायली त्या त्या संगणकावरच तयार होतात. आम्ही पाठवलेल्या फायलींची यादी सॉफ्टवेअरकडे असते, त्या काढताना निघून जातात, पण तिथं जन्मलेल्या त्या यादीत नसतात, कुणाच्याच नावावर नसतात. त्या मागं राहतात आणि नवी आवृत्तीही त्याच शिळ्या फायली वाचत बसते. मी म्हटलं, सोपं आहे, काढताना अख्खं फोल्डरच पुसू. मामा तडकले. यंत्र नावं चुकीची वाचतं, म्हणून ती आपल्या आवाजात भरायची सोय होती; गुरुजींनी गावांची, विद्यार्थ्यांची नावं स्वतःच्या आवाजात भरली होती, ती त्याच फोल्डरमध्ये होती.

"तंबू उठवला की आपण खणलेला खड्डा आपुन बुजवायचा, ही फौजेची रीत," मामा म्हणाले. "म्हणून काय गावाची हीर बुजवतीस व्हय गं?"

तयार होणारी प्रत्येक फाइल, आधीची शिळी उरलेली असेल तर तीसुद्धा, बसवतानाच आपल्या नावावर लावायची आणि जाताना तेवढीच उचलायची, असं त्यांचं म्हणणं. काम किचकट होतं. त्यांनी ते हाती घेतलं आणि... छातीत कळ आली, तेवढंच निमित्त झालं.

आता शाळा उघडायच्या बेतात आहेत, गुरुजींना नवी आवृत्ती त्याआधी हवी. "ताई, पुसून टाका फोल्डर, कोण बघतंय?" असं जवळचेही सांगतात. मला राग येतो. कुणी बघत नसताना खड्डा बुजवणाऱ्या माणसाची मी भाची आहे. नाही पुसलं. मामांनी सोडलं तिथून उचललं आणि त्यांच्याच पद्धतीनं पुरं केलं.

परवा वाईला मामींकडे गेले. मामांच्या संगणकावर नवी आवृत्ती बसवली, काढली. आमच्या सगळ्या फायली गेल्या, शिळ्यासुद्धा. फोल्डरमध्ये मामांनी स्वतःच्या आवाजात भरलेली नावं तेवढी राहिली. पुन्हा बसवली आणि सहज माझं नाव टाइप केलं, संगीता.

"संगे," मामा म्हणाले... तसेच, थोडे वैतागून. चहा घेऊन आलेल्या मामी दारातच थबकल्या.

मला हुंदका आवरेना. मग डोळे पुसून आटपाडीला फोन लावला. म्हटलं, "गुरुजी, नवं पाठवतेय. हवं तेव्हा काढा, हवं तेव्हा बसवा. तुमच्या आवाजाला धक्का लागणार नाही."