एकाच ग्लासात सगळं

माझी मावशी पडदे शिवते आणि शिडीवर चढून स्वतः लावूनही येते. येत असे, म्हणायला हवं. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये पडद्याची दांडी वर धरताना तिच्या पाठीत काहीतरी कट्कन झालं. पडणं नाही, धक्का नाही, नुसते हात वर केले होते. खाली शिडी धरून मी उभी. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला, तरी वरून म्हणते काय, "हुक दे." मणका दबला होता.

दुखणं मुळात यकृताचं. पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या खराब होत जातात, पित्त आत साचतं, अंगाला खाज सुटते आणि हाडंही विरळ होतात. यकृत सांभाळायला पित्ताम्लाची गोळी, खाजेला पावडर, हाडांसाठी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. वर्षभर एक दिवस चुकला नाही, तरी रक्ताचे आकडे जागचे हलेनात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या खेपेलाही उतरले नाहीत तर ही गोळी लागू पडत नाही असं धरायचं. पुढची औषधं जड, आणि तीही हरली तर यकृतच बदलायचं.

तो निकाल ऐकायला आम्ही तिघं बसलो होतो. काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, गुडघा हलायचा थांबत नव्हता. मावशी मनगट खाजवत होती आणि मला दोघांचाही राग येत होता, कारण मला भीती वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. "उतरले नाहीत."

रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी पेन उचललं.

"औषधं कशी घेता? पावडर कधी, गोळी कधी?"

"मी देतो ना," काका म्हणाले. रंगाच्या दुकानात रंग कालवण्यात जन्म गेलेला माणूस; गुठळी दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. "हिला गोळ्या गिळवत नाहीत. रोज सकाळी सगळ्या खलतो, पावडरीत घालतो आणि एकजीव करून एकाच ग्लासात देतो. आजवर एकदा चुकलेलो नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पावडरीचं कामच पित्ताला धरून बाहेर नेणं," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि तुमची गोळी पित्ताचीच आहे. ग्लासातच ती धरली जाते. ड जीवनसत्त्वालाही पावडर अडवते. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर हवं. मी नीट सांगायला हवं होतं."

वर्षभर तोंडाला काय कुलूप होतं? माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"म्हणजे गोळी हरलेली नाही," त्या म्हणाल्या. "तिला संधीच मिळाली नाही. पुन्हा नीट सुरू करू, मग बघू. वाईटात ही चांगलीच बातमी आहे."

काकांच्या चेहऱ्यावर मात्र चांगल्या बातमीचा मागमूस नव्हता. "आणि मणका?"

"हाडं या आजारात तशीही झिजतात. कशामुळे किती, ते सांगता येणार नाही. पुढची झीज रोखायचा प्रयत्न करू. दबलेला मणका मात्र पूर्वीसारखा होत नाही."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर काका भिंतीला टेकले. "माझ्यामुळे झालं," ते म्हणाले.

मावशीने नाही म्हणावं म्हणून ते थांबले. मीही थांबले. एरवी कशालाही हसण्यावारी नेणारी ही बाई, पण ती नाही म्हणाली नाही.

"आता तुझं तू घे," काका म्हणाले. "माझ्या हातून नको."

मावशीने कठड्याला हात लावला आणि पाठ जेवढी सरळ होईल तेवढी केली.

"सकाळी पावडर. गोळी रात्री, जेवताना," ती म्हणाली. "मी रागावलेय. खूप रागावलेय. पण मला गोळ्या गिळता येत नाहीत, त्या तुम्हीच कुटून द्यायच्या."