बोर्ड नसलेली मीटिंग

दारू सोडलेल्या माणसांमध्ये बसायला लागलं की किस्से आपोआप साठत जातात. पिऊन गटारात पडलेल्यांचे किस्से सगळेच चवीनं सांगतात हो, उठून उभं राहिलेल्यांचे कोण सांगणार? म्हणून परवानगी घेऊन, नावं बदलून, मीच सांगते.

सुरुवात माझ्या मामापासून. सुरेशमामा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात फिटर. कुठलाही माग त्याच्या हातून दुरुस्त व्हायचा, पण सकाळी घोटभर घेतल्याशिवाय त्या हाताची थरथर थांबायची नाही. मामीनं शेवटचं सांगून टाकलं होतं, "आता एकदा जरी पिऊन आलात तर मी चालले अक्कलकोटला, भावाकडं. न्यायला यायचं न्हाय." मामी बोलते तसंच करते! म्हणून मी ती मीटिंग शोधायला निघाले, जिथं दारू सोडलेले लोकच दुसऱ्याला सोडायला मदत करतात.

*

दारूचं दुकान विचारा, माणूस चौकापर्यंत सोडायला येतो. ही मीटिंग कुठं भरते, ते मात्र कुणालाच माहीत नाही! माझा संताप संताप झाला. शेवटी एका पानटपरीवाल्यानं आवाज खाली आणला.

"रविवारी संध्याकाळी, त्या मागच्या शाळेत. कुणासाठी पायजे?"

"मामासाठी."

"पैल्यांदा समदे असंच म्हनतात, ताई. लाजू नका!"

*

लोकांची ओळख गुप्त राहावी म्हणून मीटिंगला बोर्ड नसतो. त्या रविवारी मी, मामा आणि मामी शाळेत पोचलो. एका वर्गात बरीच मंडळी होती, एकेक जण उभं राहून स्वतःची माहिती सांगत होता. आम्ही बसलो. मामा घरून वाक्य पाठ करून आला होता. पाळी आल्यावर उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी सुरेश. मी रोज पितो. आता मला सुधारायचंय."

माइकवाल्या गृहस्थांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "बरं. प्रथम विवाह की पुनर्विवाह?"

वधू-वर परिचय मेळावा होता तो!

मामी ताडकन उठली. "ओ, मी अजून हाय की हितं!"

*

आपली मीटिंग शेजारच्या वर्गात होती. पहिलीच्या पोरांची बाकडी, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले बाप्ये. चहा आला, ओळखी झाल्या, फक्त नावानं, आडनाव नाही. मामा सगळं संशयानं बघत होता.

"अध्यक्ष कोण?"

"कुणीच नाही."

"उपाध्यक्ष?"

"तोही नाही."

मामा विचारात पडला. "मग तुमच्यात फूट पडती कशी?"

*

एकदा एक पाहुणे तोंडाला घट्ट रुमाल बांधून आले. ओळखलं जाऊ नये म्हणून कोपऱ्यातलं बाकडं धरलं. पण चहा आल्यावर रुमाल खाली करावाच लागला. शेजारच्या माणसानं कप खाली ठेवला.

"व्याही, तुमी?"

"तुमी पन?"

लग्न ठरवताना दोघांनीही छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्या घरात कुणी शिवतसुद्धा नाही! मग मुलीच्या वडिलांनी चहा पुढं केला.

"घ्या. मुलाकडचे तुमी, पैला मान तुमचा."

*

या मीटिंगमधले जुने म्हणजे बाबूराव. कुर्डुवाडीला रेल्वेत होते, रिटायर होऊन सोलापुरात आलेले. दारू सोडून कितीतरी वर्षं झालेली. मामा त्यांना देवासारखं मानायचा. मी मात्र वैतागले होते. मी त्यांना म्हटलं, "त्याच्याकडून शपथ घ्या ना, जन्मात पिणार नाही म्हणून! मी त्याचं दिवसभराचं टाइमटेबलपण केलंय. रोज खिसे तपासते."

बाबूरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, दारू त्याला सोडू द्या. तुमी आधी त्याला सोडा."

मग मामाला जवळ बोलावून त्यांनी एकच गोष्ट सांगितली. इथला रिवाजच आहे तो. "प्यावं वाटलं तर पी, पन आधी मला फोन कर. पिल्यावर न्हाय, आधी."

*

हा किस्सा मामा आणि बाबूराव मिळून सांगतात, भर मीटिंगमध्ये.

बरेच दिवस मामानं थेंबालाही हात लावला नव्हता. एका संध्याकाळी कारखान्यात मुकादमाशी जोरदार वाजलं आणि मामाचे पाय दुकानाकडं वळले. दुसऱ्या दिवशी ड्राय डे, त्यामुळं ही मोठी लाइन! मामा लाइनीत उभा. मामी बॅग भरताना डोळ्यांपुढं दिसत होती, तरी पाय हलेनात. शेवटी त्यानं फोन काढला आणि बाबूरावांना लावला.

पुढं लाइनीतच कुणाचा तरी फोन वाजला. टोपी कपाळावर ओढलेल्या एका माणसानं तो कानाला लावला.

"बोल, सुरेश. कुटं हायस?"

मामा म्हणाला, "तुमच्या मागं."

बाबूराव वळले. लाइन पुढं सरकली, हे दोघं सरकले नाहीत. मागनं कुणीतरी ओरडलं, "ओ काका, घ्यायची हाय का न्हाय?"

मग दोघं लाइनीतून बाहेर पडले. कुणी कुणाचा दंड धरून बाहेर काढलं, यावर अजून त्यांचं एकमत नाही. कोपऱ्यावर आल्यावर बाबूरावांनी टोपी काढली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं, फोन केलास."