गावडे सरांनी सोडलेली गाडी

जयराम गावडे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली. आमच्या जिल्ह्याचा फुटबॉल क्लब राज्य स्पर्धेतून वर चढून देशाच्या दुसऱ्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये नुकताच पोचला होता आणि क्लबला इंग्रजी कागद वाचणारं माणूस हवं होतं. मी लग्न होऊन आचऱ्याला आले होते, पदवी पेटीत पडून होती आणि घरात बसून मी कंटाळले होते. सर शाळेतून निवृत्त होऊन संघाचे व्यवस्थापक झाले होते. त्यांनी लीगची विटेएवढी जाड नियमावली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ह्या वाच आणि आमका मराठीत सांग." दोन आठवड्यांनी मी परत गेले आणि सांगितलं, "सर, तुमच्या मैदानाची एक रेघ वाकडी आहे आणि लीगच्या कागदांवर तुम्ही स्वतः व्यवस्थापक म्हणून नोंदलेलेच नाहीत." सर भडकले. "रेघ मी मारलंय. वाकडी नाय ती!" टेप लावून मोजली, वाकडीच निघाली. त्या संध्याकाळी त्यांनी मला क्लबची नोंदणी अधिकारी केलं.

आता सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाविषयी. लेख मागायला समितीच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी एक सूचनाही केली. "वहिनी, सरांबद्दल सगळं लिहा, तेवढा तो शेवटचा सामना मात्र वगळा. अमृतमहोत्सवाला उगाच गालबोट नको." मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आता सांगते, मी त्या सामन्याबद्दलच लिहिणार आहे. तो वगळला तर सरांबद्दल लिहायला उरतं काय? पांढरा शर्ट, वेळेचे पक्के, सगळ्यांशी गोड? असे गृहस्थ आपल्याकडे दर वाडीत दोन आहेत.

ज्यांनी कधी मैदानाचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी ही लीग कशी चालते ते आधी सांगते. देशात व्यावसायिक फुटबॉलच्या दोन लीग, एकीवर एक. आमची खालची. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. हंगाम संपला की पहिला येणारा वर जायला पात्र, तोही परवान्याचे सगळे कागद मंजूर झाले तर, आणि शेवटचे दोन खाली. गंमत अशी की आमच्या वेळी वरच्या लीगमधून कुणीच खाली पडत नसे. वरच्यांना टीव्ही, दिवे, गादीसारखं गवत, शिवाय घसरण्याचं भय नाही. खालच्यांना एप्रिलच्या उन्हात दुपारी तीनला सामना, आयत्या वेळी बदललेलं वेळापत्रक, आणि नियम मात्र वरच्यांइतकेच. ज्याच्या दारात चार इस्पितळं आहेत त्या शहराच्या क्लबला जो कागद, तोच आमच्या कातळाच्या सड्यावरच्या क्लबला. याला ते समान न्याय म्हणतात.

सामन्याच्या आदल्या दिवशी लीगचे सामना आयुक्त येतात आणि जाळ्यांपासून स्ट्रेचरपर्यंत सगळं तपासतात. त्यातला सर्वात कडक नियम रुग्णवाहिकेचा. डॉक्टर आणि ऑक्सिजनसह गाडी मैदानावर उभी नसेल तर रेफरी शिट्टी मारत नाहीत. मध्येच गाडी गेली तर खेळ थांबतो. ठरलेल्या अर्ध्या तासात ती किंवा दुसरी आली नाही, तर यजमान संघ तीन-शून्यने हरला असं लिहिलं जातं. हा नियम मी स्वतः मराठीत लिहून क्लबच्या भिंतीवर चिकटवला होता.

सरांचं आणि नियमांचं नातं मला बरेच दिवस कळलंच नाही. एकदा ईशान्येकडच्या डोंगरातला एक संघ आमच्याकडे खेळायला येत होता. गाडी इतकी रखडली की ते वैभववाडी स्टेशनवर उतरले तेव्हा आमचा सामना सुरू व्हायची वेळ टळून गेली होती. मी सरांना म्हटलं, "आपण फक्त मैदानावर उभं राहायचं. तीन गुण आपले." सरांनी आयुक्तांना लेखी विनंती करून सामना दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवला, टेम्पो पाठवून त्या पोरांना आणलं आणि स्वतःच्या घरी पेज आणि भाजलेले बांगडे जेवू घातले. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी आम्हाला एका गोलने हरवलं. मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. सर म्हणाले, "उपाशी पोरांका हरवन माका काय मेडल गावाचा होता?" ते तीन गुण असते तर शेवटच्या सामन्याची धाकधूकच राहिली नसती, हे मला आजही बोचतं.

माझ्यासाठी सरांनी केलेलं सगळं सांगायला बसले तर ग्रंथ पुरणार नाही. एकच सांगते. बाहेरगावच्या सामन्यांना पुरुषांच्या संघाबरोबर सुनेने जायचं म्हटल्यावर सासूबाईंनी अबोला धरला. सर आमच्या पडवीत येऊन बसले, चहा घेतला, माडांच्या रोगावर अर्धा तास बोलले आणि निघताना म्हणाले, "वयनी, तुमच्या सुनेक भियान रेफरी शिट्टी मारता." सासूबाई म्हणाल्या, "घरात आमीय तिका भियतंव." त्यानंतर माझी बॅग त्याच भरून द्यायला लागल्या.

तर तो सामना. हंगामातला शेवटचा, आपल्या मैदानावर. बरोबरी केली तरी आम्ही लीगमध्ये राहत होतो. समोरच्या संघाला त्या सामन्यात कमवायचं काही नव्हतं, गमवायचंही नव्हतं. जिल्हाभरातून माणसं आली होती, झाडांवर चढली होती. सामन्याचा एक तास झाला, शून्य-शून्य. आमची पोरं जीव तोडून खेळत होती आणि मी घड्याळाकडे बघत नखं खात होते.

मैदानाला लागून कलमांची बाग आहे. त्या दिवशी तिथे आंबे उतरवणं चाललं होतं. एकाएकी बागेच्या दगडी गडग्यापलीकडून एक बाई ओरडत आली. तिचा नवरा उंच कलमावरून थेट गडग्याच्या दगडांवर पडला होता. दोन प्रेक्षकांनी त्याला फळीवर घालून मैदानाच्या कडेला आणलं. आरोग्य केंद्राला फोन केला. उत्तर आलं, "गाडी आसा, डायवर नाय." चालकाची जागा किती तरी महिने रिकामी होती आणि गाडी आवारात उभी राहून तिच्या टायरांना भेगा पडल्या होत्या. आसपास चालू स्थितीतली गाडी एकच होती, कुडाळहून आमच्या सामन्यासाठी मागवलेली.

सर बाकावरून उठले आणि गाडीकडे चालू लागले. मी धावत जाऊन गाडीच्या पुढे उभी राहिले. होय, मीच. समितीने हे छापायचं की नाही ते ठरवावं, पण छापायचं असेल तर सगळं छापावं. मी म्हणाले, "सर, गाडी गेली तर खेळ थांबतो. अर्ध्या तासात आली नाही तर तीन-शून्य. आपण खाली जातो."

सर म्हणाले, "वंदना, आधी त्या माणसाक बघ. मगे माका नियम सांग."

मी बघितलं नाही. मी म्हणाले, "तो बागेतला नेपाळी आहे सर. बागवाले बघतील त्याचं." हे माझे शब्द. कितीदा वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालावेत. पण ते माझेच आहेत.

सरांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. मग स्वतः मागचं दार उघडलं, फळीचं एक टोक उचललं, त्या बाईला आत बसवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहायला नाव विचारलं तेव्हा ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या बागांतल्या सगळ्या गड्यांना आम्ही बहादूर म्हणून हाक मारायचो. सरांनी सांगितलं, "दिलबहादूर. बायको मनमाया. दोन पोरा आसत, गावाक ऱ्हवतत." आणि गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली. आपल्या जिल्ह्यात काही गंभीर झालं की गोवा, हे पोराटोरांनाही पाठ आहे.

मी फोनवर फोन केले. देवगडहून एक गाडी निघाली. ती मैदानात शिरली तेव्हा आयुक्त कागदावर सही करून पेन खिशात ठेवत होते. ते भले गृहस्थ होते, पण घड्याळ त्यांच्या बाजूला होतं. आमची पोरं गवतावर तशीच बसून राहिली. कर्णधाराने बूट काढून मांडीवर घेतले आणि ओक्साबोक्शी रडला.

अपील मी लिहिलं. शंभर वेळा वाचून, एक शब्द इकडे तिकडे नको म्हणून. दूरच्या शहरातल्या समितीने उत्तर दिलं की पर्यायी रुग्णवाहिकेची तजवीज ठेवणं ही यजमान क्लबची जबाबदारी असते. माणूस जगला की मेला, हे विचारायचीही तसदी कुणी घेतली नाही. मी तो कागद सरांपुढे आपटला. सर म्हणाले, "नियम बरोबर आसा गो. उद्या आमच्याच पोराचा टकला फुटला तर गाडी नको?" मला त्यांचा त्या वेळी रागच आला. आज तो राग मी दुसरीकडे वळवते. रुग्णवाहिका हवी, हा नियम बरोबरच होता. पण अख्ख्या तालुक्याला एक चालती गाडी असताना ती सामन्यासाठी उभी करायची आणि माणसासाठी सोडली तर शिक्षा करायची, हे ज्यांना खटकलं नाही त्यांना मी माणसं म्हणायला तयार नाही. लीगवाले तर दूरचे. आपल्याकडच्या ज्यांनी चालकाची जागा रिकामी ठेवली, ते कुठे होते? ते पाहुण्यांच्या मंडपात पंख्याखाली बसून सामना बघत होते.

आणि आपण? आपण काय केलं ते मी लिहिते, कारण या ग्रंथात दुसरं कुणी लिहिणार नाही. 'एका नेपाळ्यासाठी जिल्ह्याचा क्लब बुडवला' असं नाक्यानाक्यावर बोललं गेलं. आपल्या भावकीतला कुणी पडला असता तर याच लोकांनी सरांना खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. तिसऱ्या दिवशी सरांच्या फाटकाला चपलांची माळ लटकत होती. ती कुणी अडकवली, हे मला ठाऊक आहे. त्यातली दोन नावं या ग्रंथाच्या पहिल्या पानावर समितीच्या यादीत आहेत आणि त्यांनीच आता 'जिल्ह्याचे भूषण' असा फलक छापून घेतला आहे. सरांनी ती माळ स्वतः सोडवली. एक चप्पल उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "ह्यो जोड अजून वरीसभर चलात."

हसले, पण ते हसणं खरं नव्हतं. क्लब खाली गेला आणि पुढच्या वर्षी उभाच राहिला नाही. पोरं पांगली, काही गोव्याच्या क्लबांत, काही आंब्याच्या गाड्यांवर. एकदा रिकाम्या मैदानाच्या कडेला सर मला म्हणाले, "माका वायट वाटता गो. पोरांची तोंडा डोळ्यांपुढसून जायनत." त्यांना त्या निर्णयाची किंमत कळत नव्हती असं कुणी समजू नये. ती सगळ्यात जास्त त्यांनीच मोजली. तरी ते परत त्या जागी असले तर काय करतील, हे विचारायची गरज मला पडली नाही.

दिलबहादूर वाचला. पोटात रक्तस्राव झाला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. आज तो काठी घेऊन चालतो आणि आंबे भरायच्या शेडवर राखण करतो. समारंभाच्या निमंत्रणांची यादी मी बघितली, तीत त्याचं नाव नाही. तो आणि मनमाया माझ्याबरोबर येतील आणि पहिल्या रांगेत बसतील. ज्यांना अडचण असेल त्यांनी मागे बसावं.

सर निवडणुकीला उभे राहिले नाहीत, कुणावर टीका केली नाही. चालकाच्या जागेसाठी ते दर महिन्याला अर्ज घेऊन कचेरीत जात राहिले. मध्ये एक चालक आला, वर्षभरात बदली होऊन गेला. जागा आज पुन्हा रिकामी आहे आणि सर पंचाहत्तराव्या वर्षी छत्री टेकत पुन्हा अर्ज घेऊन जातात. आपण त्यांना शाल देणार आहोत. त्यांच्यासोबत त्या कचेरीत एकदा तरी गेलेल्यांनी समारंभाला हात वर करावेत, मला मोजायचे आहेत. मी स्वतः दोनदाच गेले आहे आणि त्याची मला लाज वाटते.

अशा लेखाच्या शेवटी उदंड आणि निरोगी आयुष्य चिंतायचं असतं. इतरांना ते सोपं जात असेल, मला भीती वाटते. सर, तुम्ही आमच्यातच राहता, याच आरोग्य केंद्राच्या हद्दीत, याच रस्त्यांच्या टोकाला. तुम्ही शंभरी गाठा आणि ती अशी धडधाकट गाठा की तुम्हाला कुठल्या गाडीची गरजच पडू नये. पण कधी छातीत कळ आलीच, तर त्या दिवशी मैदानावर अंतिम सामना असो की कुणा मोठ्या माणसाचा सत्कार, गाडीचं दार मी उघडेन. कुणालाही न विचारता.