खात्रीपुरती काढलेली तार

ढुंढिराजांना जुन्या अँबॅसेडरचा भारी लळा आहे, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं. गाडी त्यांना हवी होती बायकोसाठी. शरदिनीबाईंना दोन वर्षांत एकेक करून सगळ्याचा विसर पडत चालला होता. काशीतल्या मंगला गौरी घाटाजवळच्या घरात नवरा कोण, मुलगी कोण, काही कळेना. पण गल्ल्यांबाहेर मच्छोदरीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत बसवलं, गाडी गंगेवरच्या राजघाट पुलाकडे निघाली, की हळूच म्हणायच्या, "अहो, काच खाली करा जरा." त्या एका 'अहो'वर म्हातारा दिवस काढायचा.

आणि आता चार दिवस गाडी जागची हलली नव्हती. बॅटरी उतरलेली. चार दिवसांत 'अहो' कानावर पडलं नव्हतं. आज ढुंढिराजांनी बॅटरी चार्ज करून आणली, बाईंना पुढच्या सीटवर बसवलं, इंजिन चालू करून बॅटरीला व्होल्टमीटर लावला. काटा चौदा व्होल्टला जायला हवा, तो साडेबाराशीच रेंगाळत होता. पट्टा ताणलेला, जोड स्वच्छ. म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर वीज देतोय, पण रडतखडत. आतले कार्बनचे ब्रश झिजले असणार, तासाभराचं काम. कळत होतं हो त्यांना सगळं.

पण खोड जाते कुठे? रेल्वेत बत्तीस वर्षं डब्यांखालच्या डायनामोंवर गेली. तिथली यांची पद्धत एकच: चालत्यात बॅटरीची तार काढायची, दिवे टिकले तर डायनामो शाबूत. अल्टरनेटरला हे चालत नाही, विजेचा दाब उसळून आतले डायोड जळतात, असं त्यांनीच कितीजणांना दटावलं होतं. तेवढ्यात बाईंनी खिडकीतून परक्यासारखं पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. एकदाची खात्री करावी म्हणून पाना फिरवला, तार उचलली.

इंजिन क्षणभर चाललं. मग जळका वास आला आणि सगळं गप्प. आतले डायोड गेले. या गाडीला बसेल असा दुसरा अल्टरनेटर शोधायला महिना तरी जाणार, आणि बाईंपाशी महिना कुठे होता? स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलं. त्यांना रडू आवरेना.

शरदिनीबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नवऱ्याशी जन्मात हिंदी न बोललेली बाई अदबीनं म्हणाली, "भैया, और कितनी देर लगेगी?"

ढुंढिराजांनी बाहीनं डोळे पुसले.

"बस दस मिनट, बहनजी," म्हणाले, आणि पुन्हा बॉनेटखाली वाकले.