पाहुण्यांपुरते हातमोजे

फ्रेंचमध्ये ‘तुम्ही येता’ म्हणणं सोपं आहे. पण ‘तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे’ म्हणायचं झालं की क्रियापदाचं रूपच बदलतं. त्याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. मनातलं, अजून न घडलेलं बोलायचं ते असं. मस्तगड वस्तीतल्या आमच्या खोलीत मोबाइलवर क्लास करून ती रूपं घोकताना माझं डोकं उठायचं.

माझी आई एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात औषध लावलेलं गुलाबी बियाणं पिशव्यांत भरते, उघड्या हातांनी. बोटांची सालपटं निघतात. घरी आली की खोबरेल तेल चोळत बसते. पाहुणे यायचे असले की सकाळी बायांना हातमोजे वाटतात आणि पाहुणे गेले की काढून घेतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

यंदा फ्रान्सहून गिऱ्हाईक येणार होतं. मॅनेजरने दुभाषी म्हणून मला बोलावलं. “तुझी आई आपल्याकडंच हे ना, मंग तू पन घरचीच,” म्हणाला. घरची म्हणे. तेव्हाच ठरवलं. आठवडाभर एकच वाक्य घोकलं: तुम्ही न कळवता पुन्हा यावं, अशी माझी इच्छा आहे.

त्या दिवशी आई कोऱ्या पांढऱ्या हातमोज्यांत ओळीत उभी होती. तिच्यासमोरच मी पाहुण्याला ते वाक्य म्हटलं. हे हातमोजे संध्याकाळी काढून घेतील, हेही सांगितलं. मॅनेजरला ओ की ठो कळलं नाही, तो हसून मान हलवत होता. पाहुणा थांबला. मग खूश होऊन म्हणाला, किती सुंदर फ्रेंच बोलता तुम्ही, आमच्याकडची मुलंसुद्धा हे रूप चुकवतात. आणि पुढच्या मशीनकडे गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोंबलाचं सुंदर. मी काय वक्तृत्व स्पर्धेला उभी होते?

पाळी सुटली तेव्हा सुपरवायझर गेटपाशी खोकं धरून उभा होता. आईने हातमोजे काढले, नीट घडी घालून त्यात ठेवले.

रस्त्यात तिने विचारलं, “काय म्हनला गं तो पाहुना? लय हसून बोलून राह्यल्ता.”

“माझं फ्रेंच चांगलं हे म्हनला.”

“बघ, शिकलीस त्याचं चीज झालं,” म्हणत तिने त्या सोललेल्या हाताने माझी पाठ थोपटली. मला तिचाही राग आला.